सह्याद्रीतला पहिला ट्रेक: आधी परतीची वेळ ठरवा, मग गड

शनिवार-रविवारी डोंगरात जायचं ठरलं की ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, ‘कुठे जाऊया?’ खरं तर सुरुवात दुसऱ्या टोकापासून करायला हवी. अंधार पडायच्या दीड तास आधी पायथ्याच्या गावात परत यायचं, हे आधी कागदावर लिहा. त्या वेळेत जो गड बसतो तोच तुमचा गड. सह्याद्रीत नवखे लोक अडचणीत येतात ते बहुतेक वेळा उतरताना: पाय थकलेले, पाणी संपलेलं, उजेड जात चाललेला. चढताना चुकलेली वाट सकाळच्या उजेडात सापडते, उतरताना चुकलेली वाट सापडायला दुसरा दिवस उजाडावा लागतो.

कुठला गड, आणि कुठल्या बाजूने

नवख्यांनी गडाचं नाव बघू नये, चढाई बघावी. पायथ्याच्या गावाची उंची आणि माथ्याची उंची यांतला फरक म्हणजे चढाई. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, पण बारी गावच मुळात उंचावर असल्याने प्रत्यक्ष चढायचे आठशे-साडेआठशे मीटर. उलट, उंचीने लहान वाटणारा एखादा गड कोकणातून चढायला घेतला तर जीव काढतो. कारण साधं आहे: देशावरची गावं घाटमाथ्यावर, म्हणजे आधीच सहाशे-सातशे मीटरवर असतात, कोकणातली जवळजवळ समुद्रसपाटीला.

म्हणून एकाच गडाच्या दोन वाटा दोन वेगळे ट्रेक असतात. राजमाचीला लोणावळ्याहून गेलात तर पंधरा-सोळा किलोमीटरची लांब पण सौम्य चाल, कर्जतजवळच्या कोंदिवड्यातून कोंढाणे लेण्यांवरून गेलात तर अंतर कमी आणि चढ अंगावर येणारा. हरिश्चंद्रगडाला पाचनईतून अडीच-तीन तासांत देवळापाशी पोहोचता येतं. तोलार खिंडीतून खिरेश्वरची वाट बरीच लांब. आणि नळीची वाट ही कोकणातून वर चढणारी, दगडधोंड्यांची, पहिल्या वर्षात विचारही करू नये अशी. ‘हरिश्चंद्रगडाला चाललोय’ एवढं सांगून काहीच कळत नाही, गावाचं नाव सांगा.

पहिल्यासाठी आम्ही लोहगड सुचवतो. वाट ठळक, पायऱ्या पक्क्या, रेल्वेने जाता येतं, वर बघायला भरपूर. २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी तो एक आहे. पुढची सगळी आकडेमोड त्याच्यावरच करून दाखवतो.

घड्याळाचं गणित

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक नियम मांडला होता: ताशी पाच किलोमीटर चाल, आणि दर सहाशे मीटर चढाईला एक तास जास्तीचा. तो सरावलेल्या माणसांसाठी आणि थंड हवेसाठी ठीक आहे. आपल्याकडच्या उन्हात, दमट हवेत, नवख्या गटासाठी ताशी चार किलोमीटर आणि दर तीनशे मीटर चढाईला एक तास धरा.

मळवली स्टेशनपासून लोहगड सहा-सात किलोमीटर, चढाई सुमारे चारशे मीटर. चालण्याचे पावणेदोन तास आणि चढाईचा सव्वा तास, म्हणजे तीन तास. वर दीड तास. उतरायला सव्वादोन तास. हे झाले पावणेसात. खाणं, चुकामूक, एखाद्याच्या पायात आलेला गोळा यांसाठी एक तास राखीव. एकूण पावणेआठ तास.

डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, तेव्हा मळवलीत साडेचारपर्यंत परत. मागे मोजत आलात तर पावणेनऊच्या आत स्टेशनवरून चालायला लागायला हवं. साडेआठ धरा. याच कागदावर आणखी एक वेळ लिहा: परत फिरण्याची. लोहगडाला ती दुपारी दोन. दोन वाजले की विंचूकाट्याचं, म्हणजे गडाच्या माचीचं, टोक पन्नास पावलांवर असलं तरी वळायचं. ही वेळ घरी बसून ठरवायची, कारण माथा दिसायला लागल्यावर कोणाचंच मन वळायला तयार नसतं.

उताराला कमी वेळ लागतो हे फक्त पायऱ्यांच्या वाटेवर खरं. घसाऱ्याची, म्हणजे सुट्या मुरमाची वाट असेल तर उतरायला चढण्याइतकाच वेळ धरा.

ऋतू

नवख्यांसाठी उत्तम काळ नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. सप्टेंबरचे शेवटचे दोन आठवडे सर्वांत देखणे: पठारांवर सोनकी आणि तेरडा, ओढ्यांना निवळ पाणी, पाऊस ओसरलेला. मात्र ऑक्टोबरातलं ऊन फसवं असतं. गवत हिरवं दिसतं म्हणून लोक पाणी कमी नेतात आणि अकरा वाजता चक्कर येऊन बसतात. मार्च ते मे पहाटे निघून दहाच्या आत माथा गाठायचा, नाहीतर जायचं नाही. मे महिन्यात आणि ऑक्टोबरात दुपारनंतर वळवाचे, परतीचे ढग जमतात. विजेचा गडगडाट ऐकू आला की माथा, धार आणि एकटं झाड तिन्ही सोडून खाली उतरायला लागा.

पावसाळ्यात निघण्याआधी दोन गोष्टी बघायच्याच: हवामान खात्याचा त्या जिल्ह्याचा इशारा, आणि जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश आहे का. धबधबे, धरणं, काही गड जोरदार पावसात बंद केले जातात. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत रद्द. कास पठारासाठी फुलांच्या हंगामात आधी ऑनलाइन नोंदणी लागते, तिथे थेट जाऊन गाडी वळवावी लागलेले लोक दरवर्षी असतात.

पिशवीत काय

पंचवीस-तीस लिटरची, कमरेला पट्टा असलेली सॅक पुरे. आधी पाणी: हिवाळ्यात माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरात तीन. एका लिटरमध्ये ओआरएस घाला. नुसतं पाणी ढोसलं की घामातून गेलेलं मीठ भरून येत नाही आणि संध्याकाळी पोटऱ्यांत गोळे येतात. गडावरच्या टाक्यांचं पाणी गाळून आणि क्लोरीनची गोळी टाकून किमान अर्धा तास थांबूनच प्यायचं. मार्चनंतर बरीच टाकी आटतात, तेव्हा ‘वर पाणी आहे’ या ऐकीव माहितीवर विसंबू नका.

बुटांवर पैसे खर्च करा, बाकी कशावर नाही केले तरी चालेल. तळव्याला खोल खाचा हव्यात, रबर मऊ हवं. रनिंग शूजचा तळ गुळगुळीत फेसाचा असतो, ओल्या कातळावर तो धरत नाही. दुकानात बूट संध्याकाळी घाला, कारण दिवसभरात पाय किंचित सुजतात. जाड मोजा घालून टाचेमागे एक बोट गेलं पाहिजे. नाहीतर उतरताना अंगठा पुढे आपटून नख काळं पडतं. नवे बूट आठवडाभर रोज घालून जिने चढा-उतरा, मगच डोंगरात न्या. नखं आदल्या रात्री कापा.

जीन्स नको. भिजली की जड होते, गुडघा वाकू देत नाही आणि वाळत नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण लांबीची पातळ पँट, टोपी. कारवीच्या रानातून हाफ पँटवर गेलेल्यांचे पाय बघितले की हे का ते कळतं. कपड्यांचा एक सुका जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या आत ठेवा. सॅकचं रेनकव्हर पाठीच्या बाजूने पाणी आत घेतंच, त्यामुळे खरं संरक्षण आतल्या पिशवीचं.

डोक्याला लावायची विजेरी प्रत्येकाकडे हवी, दिवसाच्या ट्रेकलाही. मोबाइलची बॅटरी वाट शोधण्यासाठी आणि फोनसाठी राखायची असते, शिवाय उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात. शिट्टी, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, स्वतःची नेहमीची औषधं, जुनं वर्तमानपत्र, कचऱ्यासाठी दोन पिशव्या. सॅनिटरी पॅड वापरणाऱ्यांनी एक काळी झिपची पिशवी वेगळी ठेवावी. वर पुरू नये, टाक्याजवळ तर अजिबात नाही, सगळं खाली आणायचं. खायला गूळ-शेंगदाणे, चिक्की, खजूर, ठेपले किंवा पोळीचे रोल. वेफर्सनी तहान वाढते आणि पोट भरत नाही.

अत्तर, डिओड्रंट लावून जाऊ नका. गडांच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात, आणि उग्र वास, धूर, दगड मारणं, आरडाओरडा यांनी ती उठतात.

निघण्याआधी घरी

वाटेचा जीपीएक्स ट्रॅक, म्हणजे नकाशावर वाट दाखवणारी फाइल, आणि त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या. फोन एअरप्लेन मोडवर ठेवला तरी जीपीएस चालतं आणि बॅटरी बरीच जास्त पुरते. रेंज शोधत राहण्यातच ती संपते. न येणाऱ्या कोणाकडे तरी लेखी ठेवा: गड, पायथ्याचं गाव, कोणत्या वाटेने चढणार-उतरणार, किती जण, किती वाजता फोन करणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवायचं.

गट चार ते आठ जणांचा बरा. तिघांहून कमी नको, कारण एकाला लागलं तर एकाने जवळ बसायचं आणि एकाने गावात जायचं.

प्रत्यक्ष वाट: मळवली ते लोहगड

पुणे-लोणावळा लोकल मळवलीला थांबते. मुंबईकरांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडची लोकल पकडावी. दुपारच्या लोकल विरळ असतात, परतीचं वेळापत्रक सकाळीच बघून ठेवा.

स्टेशनवरून एक्सप्रेस-वे वरच्या पुलाने ओलांडून भाजे गाव. डावीकडे वर भाजे लेणी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी अजून आहेत, दोन हजार वर्षांहून जुन्या, आणि लोक त्याकडे न बघता बाहेर फोटो काढून निघून जातात. पंधरा मिनिटं मान वर करून उभे राहा. लेणी करायची असतील तर राखीव तास त्यात जातो, म्हणून तासभर आधी निघा.

भाज्यातून रस्ता चढत गायमुख खिंडीत पोहोचतो. खिंडीत डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड. उजवीकडे वळून लोहगडवाडी. इथे थांबून दोन कामं: जेवण सांगणं आणि माणसं मोजणं. ‘मावशी, सहा जणांचं पिठलं-भाकरी, एक-दीडपर्यंत येतो’ असं सांगून, जमल्यास थोडे पैसे आगाऊ देऊन वर जा. न सांगता आठ जण टपकले की चूल पेटवण्यापासून सुरुवात होते आणि तुमचा तास जातो.

पुढे पायऱ्या. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. दुसऱ्या वळणावर थांबून खाली बघा: वाट अशी वळवली आहे की चढणारा माणूस सतत वरच्या बुरुजाच्या माऱ्यात राहतो. पायऱ्या ओल्या असतील तर मधून चाला. कडेला पावलं पडत नाहीत, त्यामुळे शेवाळ तिथेच साचतं. विंचूकाटा ही गडाची लांब, चिंचोळी माची. तिकडे जाताना एक छोटा कातळटप्पा उतरावा लागतो. पावसात, दाट धुक्यात किंवा वारा असताना तो सोडून द्या.

चढताना

पहिली वीस मिनिटं मुद्दाम हळू. बोलता बोलता चालता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला. सर्वांत हळू चालणारा दुसऱ्या क्रमांकावर, सर्वांत अनुभवी माणूस शेवटी. पुढचा गडी प्रत्येक फाट्यावर शेवटचा माणूस दिसेपर्यंत थांबेल, हा नियम मोडायचा नाही. थांबे लहान घ्या, तासाला पाच मिनिटं. वीस मिनिटं बसलं की अंग थंड पडतं आणि पुन्हा उठवत नाही.

वाट विचारण्याचीही रीत आहे. ‘हीच वाट ना मामा, सरळच ना?’ असं विचारलं तर समोरचा भल्या मनाने ‘हां, सरळ’ म्हणतो. त्याऐवजी ‘पाचनईला कुठली वाट जाते? आणि ही डावीकडची कुठे?’ असं विचारा, म्हणजे त्याला हात करून दाखवावं लागतं. गावकऱ्याने अर्धा तास सांगितला तर तुम्ही एक ते दीड तास धरा. तो त्याच्या पायांचा हिशेब सांगत असतो.

वाट चुकली तर

चुकवतात त्या ढोरवाटा. गुरांच्या पायांनी पडलेली वाट अगदी मळलेली दिसते, पण ती उतारावर आडवी जाते, फाटत जाते आणि गवतात संपते. छातीच्या उंचीवर फांद्या आडव्या यायला लागल्या, तर ती गुरांची वाट आहे. माणसांच्या वाटेवर तेवढ्या उंचीच्या फांद्या मोडलेल्या असतात. दगडावर रंगवलेले बाण किंवा रचलेले दगड दहा मिनिटांत दिसले नाहीत तर थांबा. शेवटची खात्रीची जागा आठवा, आणि सगळ्यांनी मिळून तिथपर्यंत मागे या. ‘समोर वाट दिसतेय, मधून कापून जाऊ’ हे नाही.

‘ओढा धरून खाली गेलं की गाव लागतं’ हा समज सह्याद्रीत जीवघेणा आहे. हा डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून बनलाय. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थराची झाडीभरली सपाटी, ज्याला पदर म्हणतात. मग खाली पुन्हा कडा. ओढा प्रत्येक कड्यावरून धबधबा होऊन पडतो. त्याच्या पात्रातून उतरणारा माणूस पहिले दोन-तीन टप्पे उड्या मारत उतरतो आणि अशा जागी पोहोचतो जिथून खाली शंभर-दीडशे फूट आणि वर चढता न येणारा ओला कातळ. वाट सापडत नसेल तर सोंडेवर किंवा मोकळ्या पठारावर या: तिथे रेंज मिळण्याची शक्यता जास्त, आणि शोधणाऱ्यांना तुम्ही दिसता. अंधार पडला तर हलू नका. शिट्टीचा संकेत एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा.

उतार आणि पाणी

घसाऱ्यावर नवखे घाबरून मागे झुकतात. मागे झुकलं की वजन टाचेच्या कडेवर जातं, बुटाच्या खाचांचा उपयोग होत नाही आणि पाय सुटतो. गुडघे किंचित वाकवा, वजन पूर्ण तळव्यावर, पावलं लहान, शरीर थोडं बाजूला वळवलेलं. वाळलेलं गवत पकडू नका, मुळासकट हातात येतं. दोन माणसांत पाच-सहा पावलांचं अंतर ठेवा आणि दगड सुटला की सगळ्यांनी ‘दगड!’ असं ओरडायचं.

पावसाळ्यात सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी कमरेएवढा होतो, तुमच्या डोक्यावर थेंबही न पडता. पाऊस वरच्या पठारावर झालेला असतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला, आवाज बदलला, की पात्रातून लगेच बाहेर. गुडघ्याच्या वर आणि वेगात असलेलं पाणी ओलांडायचं नाही, हात धरून साखळी करूनही नाही: एक पडला की सगळे ओढले जातात. थांबा. हे ओढे लांबीने लहान, पाऊस थांबल्यावर एक-दोन तासांत उतरतात.

दुखापत, साप, मोहोळ

पाय मुरगळला तर बूट काढू नका. सूज येऊन तो परत जात नाही, आणि बुटाचाच आधार असतो. वरून क्रेप बँडेज बांधा, सॅक दुसऱ्याकडे द्या.

फुरसं हा विषारी साप कातळात, दगडांच्या सांदीत असतो. दिसत नाही तिथे हात घालायचा नाही, दगड उलटायचा नाही. दंश झालाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अंगठी-कडं काढा, तो अवयव हलू न देता आधार द्या, माणसाला चालवू नका, उचलून आणा. १०८ ला फोन करा आणि प्रतिविष आहे अशा रुग्णालयाची माहिती गावातून घ्या.

मोहोळ उठलं तर हात झटकू नका. चेहरा आणि मान कपड्याने झाकून पोळ्यापासून लांब चला, पण कडा कुठल्या बाजूला आहे ते बघूनच. काटे नखाने खरवडून लगेच काढा. श्वास लागत असेल, ओठ सुजत असतील तर तो तातडीचा प्रसंग आहे.

गंभीर दुखापतीत स्वतः उचलाउचल करण्याआधी ११२ ला कळवा आणि पायथ्याच्या गावातल्या पोलीस पाटलांपर्यंत निरोप पोहोचवा. लोणावळ्यातल्या शिवदुर्ग मित्रसारखी स्वयंसेवकांची बचाव पथकं अनेक भागांत आहेत आणि ती त्यांच्यामार्फत लवकर पोहोचतात. फोनवर गडाचं नाव, वाट, जीपीएसचे आकडे, किती जण आणि जखमी शुद्धीवर आहे का, एवढं आधी सांगा.

पुढचे गड

लोहगड जमला की तिकोना. अंतर कमी, पण शेवटच्या पायऱ्या उंच आणि उभ्या. मग आतकरवाडीतून सिंहगड, सुमारे सहाशे मीटरची सलग चढाई. तो दोन तासांत, धाप न लागता झाला तर कळसूबाईला जायला हरकत नाही. तिथल्या लोखंडी शिड्यांवर सुट्टीच्या दिवशी रांग लागते, म्हणून बारीतून पहाटे साडेपाच-सहालाच निघा. त्यानंतर पाचनईतून हरिश्चंद्रगड आणि गुंजवण्यातून राजगड. हरिहरच्या उभ्या कातळपायऱ्या फोटोत सोप्या दिसतात. वर जाणारे आणि खाली येणारे एकाच अरुंद पायरीवर समोरासमोर आल्यावर काय होतं ते फोटोत दिसत नाही. तिथे आठवड्याच्या मधल्या वाराला, कोरड्या ऋतूत जा. अलंग-मदन-कुलंगला दोर आणि ते वापरता येणारी माणसं लागतात.